शटर रुंद केलं की उभ्या पट्ट्याही रुंद होतात! स्केचअपवाल्यांनो, हात द्या

इचलकरंजीचा_सुतार

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचं लहानसं वर्कशॉप आहे. बाबा मिस्त्री, मी मिस्त्री, दोन कारागीर आणि हाताखाली एक पोरगा. गेल्या वर्षापर्यंत आमचं सगळं डिझाइन प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं व्हायचं. आता गिऱ्हाईक आधी थ्रीडी मागतं, चहा नंतर घेतं. म्हणून थ्रीडी काढायचं स्केचअप प्रो हे सॉफ्टवेअर घेतलं आणि रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत शिकलो. खोकी, म्हणजे किचनची कपाटं, जमतात. बाजूच्या फळ्या, तळ, मागची 6 मिमी प्लाय, ट्रॉल्यांची जागा, सगळं जमतं. कापायच्या तुकड्यांची यादी काढायला ओपनकटलिस्ट हे फुकटचं एक्स्टेन्शन टाकलंय, तेही चालतंय.

घोळ शटरांनी, म्हणजे कपाटांच्या दारांनी घातला.

जयसिंगपूरच्या एका किचनचं काम होतं. गिऱ्हाईकाला सपाट मायक्याची शटरं नको होती. सागवानी फ्रेम, आत 6 मिमी सागवान व्हिनियरची प्लाय आणि फ्रेमच्या आतल्या कडेनं बारीक गोल्याची पट्टी असं पाहिजे होतं. तसं तयार शटर कुठल्या लायब्ररीत मिळेना, मग मीच काढलं. खोकं 450 × 720, म्हणून शटर 447 × 717. फ्रेमच्या पट्ट्या 60 मिमी रुंद (आमच्या भाषेत 2 इंच 3 सूत), जाडी 20. रेषेला रेष लावून दोन दिवसांत झकास शटर केलं, त्याचा कॉम्पोनंट (परत परत वापरता येणारा भाग) केला आणि प्रत्येक खोक्याला लावत सुटलो. 600 च्या खोक्याला स्केल टूलनं ओढून 597 केलं. स्क्रीनवर देखणं दिसत होतं. गिऱ्हाईकानं पास केलं. यादी काढली, कारागिरांच्या हातात दिली आणि मी मापं घ्यायला दुसऱ्या साइटवर गेलो.

चार दिवसांनी शटरं भरून भिंतीला टेकवून ठेवलेली. बाबा दारातूनच म्हणाले, "ही दोन्ही एकाच घरची हायेत का?" 450 च्या शटरची उभी पट्टी 60 आणि शेजारच्या 600 च्या शटरची 80! आडव्या पट्ट्या मात्र दोन्हीकडं 60. बाबांनी पुढं एकच विचारलं, "दार रुंद झालं म्हणून उभी पट्टी कधी रुंद होती काय रं?" मला उत्तर सुचेना. सहा शटरं परत खोलली. 80 च्या पट्ट्या फाडून 60 च्या केल्या, पण मग आडव्या आखूड पडल्या. त्या सगळ्या नव्या. सागवान हाय ते, बाभूळ न्हवं.

तर विचारायचं असं की असं शटर काढायची बरोबर पद्धत काय? प्रत्येक मापाचं शटर नव्यानं काढत बसायचं का? शिवाय गोल्याची पट्टी फॉलो मी टूलनं (ते आकार रेषेवरून फिरवतं) फिरवली तर कोपऱ्यात भोकं पडतात, फेसच (पृष्ठभागच) गायब होतात. ते कशानं?

आणि आणखी एक. सांगलीचं एक काम येतंय. 18 मिमी एमडीएफ (भुसा दाबून केलेली फळी), पीयू पेंट, आणि मोबाईलवर फोटो दाखवलाय तशी अगदी बारीक फ्रेम, 20 मिमीची. ते सीएनसीवाल्याकडं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कोरायची मशीन असणाऱ्याकडं, कोरायला द्यायचंय. त्याला फाइल कशी द्यायची तेही सांगा. आधीच एकदा तोंडावर पडलोय.

---

रंधा_ते_माऊस

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. अख्खं उत्तर त्यांच्या त्या एका वाक्यात आहे, मी फक्त ते स्केचअपला कसं सांगायचं एवढं लिहितो.

तुम्ही शटरचं चित्र काढलंत. चित्र ओढलं की सगळंच ताणलं जातं. 447 चं 597 केलं म्हणजे 1.335 पट, आणि 60 ला 1.335 ने गुणलं की 80. स्केचअपने हिशोब चोख केला. ओढलं फक्त रुंदीत, म्हणून आडव्या पट्टीची रुंदी वाचली. तेच शटर टॉल युनिटसाठी (उंच कपाटासाठी) 2097 उंच ओढलं असतं तर वरखालची पट्टी 175 ची झाली असती, तेव्हा स्वस्तात सुटलात म्हणायचं.

शटर काढायचं नाही, भरायचं. बाकावर भरतो तसं. दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या, एक पॅनेल. पाच तुकडे, पाच वेगळे कॉम्पोनंट, कुसू (पट्टीच्या टोकाची, खाचेत बसणारी जीभ) आणि खाचेसकट. मग त्या पाचांना मिळून एक बाहेरचा कॉम्पोनंट, त्याचं नाव शटर. ग्रुप करू नका, कारण ओपनकटलिस्ट कॉम्पोनंट मोजतं, ग्रुप मोजत नाही.

आता बाहेरच्या कॉम्पोनंटला डायनॅमिक, म्हणजे सूत्रावर माप बदलणारं, करायचं. तुमच्याकडे प्रो आहे म्हणून हे जमेल. कॉम्पोनंट ॲट्रिब्यूट्सची खिडकी उघडा आणि प्रत्येक तुकड्याला त्याची जागा आणि त्याची तिन्ही मापं लिहून द्या. शटरची रुंदी र, उंची उ, पट्टीची रुंदी 60, खाचेची खोली 10 धरली तर:

उभी पट्टी: रुंदी 60, लांबी उ. डावीची जागा 0, उजवीची जागा र − 60.
आडवी पट्टी: रुंदी 60, लांबी र − 120 + 20. ते 20 म्हणजे दोन्ही टोकांची कुसवं. जागा 60 वर नाही, 50 वर, कारण कुसू खाचेत 10 आत जातं.
पॅनेल: रुंदी र − 120 + 18, उंची उ − 120 + 18.

पॅनेलला 20 ऐवजी 18 का, तर खाचेच्या तळाशी दोन्हीकडे 1-1 मिमी मोकळं राहावं म्हणून. प्लायला एवढं पुरतं. उद्या कुणी पॅनेलही सागवानी पाटाचं मागितलं तर प्रत्येक बाजूला 2 ते 3 सोडा, पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं आणि फ्रेम उघडते.

तुमच्या 447 × 717 ला ताडून बघा: आडवी पट्टी 347, पॅनेल 345 × 615. आणि 597 ला आडवी 497, पॅनेल 495 × 615. उभी दोन्हीकडे 60 × 717. बाबांना दाखवा.

आता यात मी स्वतः जिथे जिथे आपटलोय त्या जागा सांगतो.

पहिली, म्हणजे सगळ्यात घाणेरडी. एखाद्या तुकड्याचं एखादं माप लिहायचं राहिलं तर ते माप ओढलं की ताणलं जातं. उभ्या पट्टीची रुंदी आणि लांबी लिहिली, जाडी लिहिली नाही, आणि कधी चुकून शटर जाडीत ओढलं गेलं तर 20 ची पट्टी 23 होते आणि कुणाला कळतही नाही. "ते तर बदलणारच नाही" असं वाटतं तेच आधी लिहा.

दुसरी. त्या खिडकीतली सूत्रं सेंटिमीटरमध्ये किंवा इंचात चालतात, तुमचं मॉडेल मिलिमीटरमध्ये असलं तरी. मी पहिल्या दिवशी 60 लिहिलं आणि दोन फुटी पट्टी उभी राहिली. तिथे 6 लिहायचं.

तिसरी, आखांची (ॲक्सिसची). प्रत्येक तुकड्याचा शून्यबिंदू त्याच्या डाव्या खालच्या मागच्या कोपऱ्यात हवा. तुकडा काढताना तुम्ही कुठून सुरुवात केली त्यावर तो भलतीकडे पडलेला असतो, आणि मग सूत्र बरोबर असूनही पट्टी हवेत लटकते. राइट क्लिक करून आख बदलता येतात. तेव्हाच लाल आख तुकड्याच्या लांबीत धरा, हिरवा रुंदीत, निळा जाडीत. तुकड्याची दिशा लॉक केली की ओपनकटलिस्ट लांबी लाल आखातच धरतं. उभी पट्टी उभीच काढली तर तिचा लाल आख आडवा पडलेला असतो. मी पट्टी जमिनीवर आडवी काढतो, आख तपासतो आणि मग उभी करतो. बाकावर तरी काय करतो आपण?

यादीत आणखी एक गंमत होते. ओपनकटलिस्ट आपोआप मोठं माप लांबी धरून तुकडा फिरवून घेतं. पट्ट्यांना ते चालतं. पण ड्रॉवरच्या पुढच्या पॅनेलचं काय? ते 345 रुंद आणि 140 उंच असतं, आणि व्हिनियरची रेष वरच्या शटरशी जुळवायची तर उभी हवी. यादी मात्र 345 लांबी धरते आणि रेष आडवी जाते. त्या पॅनेलची दिशा पार्टच्या प्रॉपर्टीमध्ये लॉक करून ठेवा.

गोल्याच्या पट्टीचं असं आहे की स्केचअपला 1 मिमीच्या आसपासच्या बारीक रेषा झेपत नाहीत, तिथे फेस बनतच नाही, म्हणून भोकं. युक्ती जुनी आहे: पट्टीचा कॉम्पोनंट करा, त्याची कॉपी बाजूला ठेवून 1000 पट मोठी करा, त्या मोठ्या कॉपीच्या आत शिरून फॉलो मी चालवा आणि काम झालं की कॉपी पुसून टाका. मूळ लहान पट्टीत ते जसंच्या तसं उतरलेलं असतं, आणि एकदा तयार झालेला बारीक फेस परत मोडत नाही. शिवाय गोल्याच्या कमानीला 12 तुकडे लागत नाहीत, 4 पुरतात. दोन फुटांवरून कुणाला फरक दिसणार आहे?

पण ही पट्टी डायनॅमिक शटरमध्ये ठेवलीत आणि ओढलीत तर कोपऱ्यातला 45 चा कट तिरपा होतो. हे मला फार उशिरा सुटलं. पट्टीचे तीन तुकडे करायचे. दोन्ही टोकांचे कट असलेले तुकडे 30-30 मिमीचे, त्यांचं माप कायम. मधला सरळ तुकडा सूत्रावर. सांध्याच्या रेषा हाइड करा.

मात्र यादीत ही पट्टी घेऊ नका, तिथे एका पट्टीचे तीन तुकडे मोजले जातील. ती तशीही रनिंग फुटावर येते. आतली फ्रेम 327 × 597, म्हणजे फेरा 1848, एका 447 च्या शटरला सहा फूट आणि वर थोडं. त्यात कोपऱ्यांची नासाडी धरा आणि ऑर्डर द्या.

---

पटाशी

एवढं वाचेपर्यंत माझी दोन शटरं भरून झाली असती.

मी सातारला 30 वर्षं हेच करतो. शटर थ्रीडीत काढायचं ते गिऱ्हाईकाला दाखवायला. कापायची मापं त्यातून घ्यायचीच कशाला? थ्रीडीत सपाट फळी ठेवा, तिच्यावर फ्रेमच्या चार रेषा मारा, संपलं. कापायचं माप एक्सेलमध्ये: रुंदी, उंची टाकली की पाच मापं बाहेर. वर लिहिलेली सूत्रं तीच, फक्त आखांची भानगड नाही आणि सेंटिमीटरचीही नाही.

आणि हो, 6 मिमी प्लाय 6 भरत नाही. कॅलिपर लावून बघा आणि मग खाच मारा, नाहीतर पॅनेल खुळखुळतं.

---

ठाण्याची_प्लॅनवाली

पटाशीकाका, अर्धं पटलं. पण एक्सेल आणि थ्रीडी वेगवेगळं ठेवलं की गिऱ्हाईक ऐनवेळी चिमणीची जागा 600 वरून 750 करतं, थ्रीडी बदलतं आणि एक्सेल तसंच राहतं. माझ्या एका साइटवर अशी शेजारची दोन शटरं 75-75 मिमी जास्तीची येऊन पडली होती. त्या दिवसापासून मापाची जागा एकच ठेवते.

मी अशा शटराच्या दोन फायली ठेवते. एक हलकी, सपाट फळी आणि चार रेषा, अगदी काका म्हणतात तशी. प्लॅन फिरवताना, मापं बदलताना तीच वापरते. दुसरी जड, गोला, हँडल आणि सगळं असलेली. प्लॅन पक्का झाला की कॉम्पोनंटच्या खिडकीतून रिप्लेस सिलेक्टेड केलं की हलक्याच्या जागी जड बसते. दोन्हींचा शून्यबिंदू एकाच कोपऱ्यात हवा, नाहीतर शटरं भिंतीत घुसतात. डायनॅमिक शटरं लवकर जड होतात, कारण वेगळ्या मापाचं प्रत्येक शटर स्वतःची वेगळी प्रत करून घेतं. यादीत नावापुढे #1, #2 अशा शेपट्या दिसायला लागल्या की घाबरू नका, त्या त्याच.

उंच शटराला मध्ये आडवी पट्टी लागते, ते एकाच सूत्रात बसवायचा हट्ट मी सोडला. मधल्या पट्टीचं शटर वेगळं कॉम्पोनंट. दोन फायली सांभाळणं सोपं, पण तीन महिन्यांनी स्वतःचंच सूत्र वाचून समजून घेणं महाकठीण!

---

नाशिक_राऊटर

मी जॉबवर्क करतो, दिवसभर इतरांच्या फायली बघतो. इचलकरंजीकर, सांगलीच्या कामाचं वाचून हातातला चहा ठेवला. 20 ची फ्रेम, 18 ची एमडीएफ. मध्ये किती खोल कोरणार आहात? आणि बिजागरी कुठली? ऑर्डर घेण्याआधी हे दोन सांगा.

---

इचलकरंजीचा_सुतार

दादा, फोटोवरून 6 मिमी खोल वाटतंय. बिजागरी नेहमीचीच, शटरच्या मागं 35 च्या गोल भोकात बसणाऱ्या वाटीची, सॉफ्ट क्लोज. काही चुकतंय का?

---

नाशिक_राऊटर

चुकलं नाही अजून, चुकणार होतं.

कागद घ्या. वाटीचं भोक 35. शटरच्या कडेपासून भोकाच्या काठापर्यंत साधारण 4.5 सोडतो आपण, म्हणजे मध्य 22 वर. भोक 4.5 पासून 39.5 पर्यंत गेलं. हे मागून. आता पुढून बघा: तुमची फ्रेम 0 ते 20. 20 च्या पुढे 6 मिमी कोरलेलं, म्हणजे तिथे एमडीएफ राहिली 12. वाटीची खोली किती? 12 च्या आसपास, काही बिजागऱ्यांना त्याहून थोडी जास्त. म्हणजे 20 ते 39.5 च्या पट्ट्यात भोक आरपार. पुढून पेंट केलेल्या शटरवर अर्धचंद्र उगवणार!

माझ्याकडे अशी फाइल आली की मी मशीन लावत नाही, आधी फोन लावतो. फोटोतल्या शटराची जाडी कुणी बघत नाही. ते बहुतेक वेळा 18 चं नसतंच.

मार्ग तीन. कोरायची खोली 3 करा, मग वाटीखाली 3 मिमी राहतं. चालतं, पण सावली पडत नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं फोटोसारखं नाही. नाहीतर 25 ची एमडीएफ घ्या, वजन आणि खर्च वाढतो. मी सुचवेन तिसरा: 18 ची अख्खी फळी ठेवा, तिच्यावर 6 मिमी एमडीएफच्या 20 रुंद पट्ट्या चिकटवा. वाटीला अख्खी 18 मिळते. आणखी एक फायदा म्हणजे आतले कोपरे टोकदार मिळतात. 6 च्या बिटने (मशीनच्या गोल पात्याने) कोरलं तर आतल्या प्रत्येक कोपऱ्यात 3 मिमीची गोलाई राहतेच, बिट गोल असतं, त्याला इलाज नाही. मग तुमचा कारागीर पटाशी घेऊन 20 शटरांचे 80 कोपरे मारत बसतो. फक्त शटर 24 चं झालं की उघडताना शेजारच्याला घासू शकतं. सगळी करण्याआधी एक खोकं, दोन शटरं लावून बघा आणि फट ठरवा.

हेच गणित तुमच्या सागवानी फ्रेमलाही लावा. खाच 10 खोल, पट्टी 60, म्हणजे खाच 50 ते 60 मध्ये. वाटी 39.5 ला संपते. मध्ये 10.5 लाकूड राहिलं, उत्तम. पट्टी 45 ची केली असती तर खाच 35 ला सुरू झाली असती आणि वाटी खाचेत घुसली असती. 39.5 अधिक 10, म्हणून 50 च्या खाली जाऊ नका. मी तर शटरच्या कॉम्पोनंटमध्येच वाटीचं वर्तुळ काढून ठेवायला सांगतो. एक वर्तुळ. मागून बघितलं की लगेच दिसतं कुठे काय आपटतंय.

आता फाइल. मला थ्रीडी नको. शटर समोरून सपाट, डीएक्सएफ (रेषांच्या ड्रॉइंगची फाइल). बाहेरचा चौकोन एका लेयरवर, कोरायचं वेगळ्या लेयरवर, भोकं तिसऱ्यावर. लेयरच्या नावातच खोली लिहा, "पॉकेट 3", "भोक 35 खोली 12" अशी. रंगावर ठेवू नका, तुमचा लाल माझ्याकडे हिरवा दिसतो. रेषा जुळलेल्या हव्यात. चौकोनाच्या कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची फट असली तरी मशीनला तो चौकोन वाटत नाही.

युनिट. डीएक्सएफमध्ये आकडा जातो, मिलिमीटर की इंच हे बऱ्याचदा समोरच्याने उघडताना ठरवायचं असतं, आणि तिथे 25.4 पट गडबड होते. तुमचं 447 माझ्याकडे इंच म्हणून उघडलं तर शटर 11 मीटरहून लांब होतं. ते तरी डोळ्याला दिसतं. म्हणून एका कोपऱ्यात 100 × 100 चा चौकोन काढा, आत "हा 100 मिमी" लिहा. मी आधी तोच मोजतो.

शेवटचं. वाटीची भोकं मागून मारायची असतात आणि फळी उलटली की डावं उजवीकडे जातं. म्हणून भोकांचं चित्र मागून बघितल्यासारखं द्या आणि त्यावर "मागून" असं लिहा. डाव्या शटरला मिरर करून उजवं बनवत असाल तर दोन्हींना वेगळं नाव द्या. एकाच नावाची 12 शटरं आली की मी 12 एकसारखी मारतो, आणि मग सहा शटरं उलटी उघडतात.

---

पटाशी

वाटीचं गणित बरोबर आहे. एक्सेलमध्ये घालतो.

---

इचलकरंजीचा_सुतार

सगळ्यांचे लई आभार. कसं झालं ते सांगतो, नाहीतर धागा अर्धाच राहायचा.

रंधादादांच्या पद्धतीनं पाच तुकड्यांचं शटर केलं. पहिल्या दिवशी सगळं बरोबर, फक्त उजवी पट्टी 6 सेंटिमीटर आत सरकून उभी. शून्यबिंदू उजव्या कोपऱ्यात पडला होता. आख बदलला, जाग्यावर बसली. मग 447, 497, 597, 897 असं ओढत बसलो, पट्टी हलत नाही बघून पोरासारखा खूश झालो. बायको म्हणाली, रात्रीचा एक वाजलाय.

यादी छापून बाबांच्या हातात दिली. त्यांनी यादी बाजूला ठेवली, आधी एक लांब फाळकी घेतली, तिच्यावर 447 च्या शटरच्या सगळ्या खुणा मारल्या: पट्टी, कुसू, खाच, पॅनेल. मग यादीशी ताडून बघितलं. आडवी 347 जुळली. पॅनेल 345 जुळलं. नंतर 597 च्या खुणा त्याच फाळकीच्या दुसऱ्या अंगाला. मला वाटलं आता शाबासकी मिळणार, तर म्हणाले, "आन् प्लाय मोजली का?" मोजली. 5.4. माझ्या मॉडेलमध्ये खाच 6 ची. पटाशीकाका, तुमचं वाक्य मी वाचलं होतं आणि विसरलोही होतो. आता प्लाय आली की जाडी आधी मोजायची आणि शटरच्या कॉम्पोनंटमध्ये तेवढा एक आकडा बदलायचा असं ठरवलंय. खाच 5.5 ची मारली, पॅनेल अंगठ्यानं दाबून बसलं.

पहिली चार शटरं भरली. दोन्ही कर्ण मोजले, एका शटरला 1 मिमीचा फरक, बाकी तीन गुण्यात (काटकोनात). गोल्याची पट्टी मात्र मी थ्रीडीत हलक्या फाइलमध्ये ठेवलीच नाही, ताईंनी सांगितलं तसं फक्त दाखवायच्या फाइलमध्ये आहे.

सांगलीच्या साहेबांना वाटीचं गणित कागदावर काढून दाखवलं. आधी म्हणाले, फोटोतल्याला कसं जमलं मग? मी 18 चा एमडीएफचा तुकडा नेला होता, 6 कोरलेला, मागून वाटी मारलेली. भोकातून त्यांना पलीकडचा माझा अंगठा दाखवला. 18 वर 6 च्या पट्ट्या चिकटवायचं ठरलं. नमुन्याचं खोकं रविवारी लावतोय. राऊटरदादा, 24 च्या शटरला शेजारी 3 ऐवजी 4 ची फट धरून सुरुवात करू का?

---

नाशिक_राऊटर

4 धरा. लावल्यावर 90 अंशात उघडताना शेजारच्या शटरच्या कडेवर पातळ कागद ठेवून बघा. कागद ओढला गेला तर अर्धा मिमी वाढवा. आणि पट्टी चिकटवल्यावर कडेचा सांधा लांबी (पुट्टी) भरून नीट घासल्याशिवाय प्रायमर मारू नका, पेंटखाली रेष उठते.